प्रत्येकी एक लेख

कॉलेजच्या लायब्ररीत वीस वर्षं काढली की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकं निदान रद्दीत काढता येतात. किस्से कोणी वजनावर घेत नाही.

आमचं कॉलेज जुईनगरला. मध्यंतरी प्रिन्सिपॉल सरांनी नोटीस लावली, की या वर्षी प्रत्येक प्राध्यापकाचा एक तरी लेख संशोधनपत्रिकेत छापून आला पाहिजे, नाहीतर प्रमोशन विसरा. झालं! ज्यांना लायब्ररी कुठल्या मजल्यावर आहे हे माहीत नव्हतं, तेही माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायला लागले. प्रश्न सगळ्यांचा एकच. "मॅडम, यातला सोपा लेख कुठला?"

* * *

पहिले आले कॉमर्सचे सावंत सर. त्यांना मी रिव्ह्यू आर्टिकल समजावलं. एखाद्या विषयावर आजवर झालेलं संशोधन वाचायचं, काय सापडलं आणि काय राहिलं ते मांडायचं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे दुसऱ्यांचं वाचून आपण लिहायचं?"

"हो."

"मग त्याला वेगळं नाव कशाला? माझी अख्खी पीएचडी तशीच झाली."

* * *

मानसशास्त्राच्या ठाकूर मॅडमना केस स्टडी आवडली. एकाच व्यक्तीचा खोलात जाऊन अभ्यास. त्यांनी विषय निवडला, 'एका ज्येष्ठ महिलेचा संशयी स्वभाव'. नाव बदललं होतं, पण गाव जासईच ठेवलं होतं आणि मॅडमचं सासर जासईचं.

मी एवढंच म्हटलं, की ज्या व्यक्तीवर लिहिलंय तिची लेखी संमती लागते. मॅडमनी चार दिवस चालढकल केली. मग धीर करून त्यांनी सासूबाईंना सगळा लेख वाचून दाखवला.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकला आणि सही केली. म्हणाल्या, "छाप. पन यात नवीन काय हाय? तुजी आईपन अशीच हाय."

* * *

लेख प्रिन्सिपॉल सरांनाही लिहायचा होताच. वेळ नव्हता, म्हणून मी 'संपादकास पत्र' सुचवलं. पत्रिकेत आधी छापलेल्या एखाद्या लेखावर थोडक्यात टिप्पणी करायची, की झालं. सरांनी त्याच संध्याकाळी पत्र पाठवलं. विषय होता कॉलेजसमोरचा खड्डा.

संपादकांचं उत्तर आलं, की आपलं पत्र नेमकं कोणत्या प्रकाशित लेखाबद्दल आहे ते कळवावं.

सर माझ्यावर चिडले. "खड्ड्यावर आधी कोणी लिहिलं नाही, म्हणून तर मी लिहिलं ना?"

* * *

सावंत सरांचा पीएचडीसारखा रिव्ह्यू पत्रिकेने काही घेतला नाही. मग सर मूळ संशोधनाकडे वळले. स्वतः माणसांना भेटायचं, स्वतः माहिती गोळा करायची. ट्रकचालकांच्या झोपेचा विषय घेऊन ते फॉर्मचा गठ्ठा काखेत मारून कळंबोलीच्या ट्रक यार्डात गेले आणि त्याच संध्याकाळी भरलेला गठ्ठा घेऊन परतले. लेख छापून आला, प्रमोशन झालं, स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले.

त्यानंतर एका दुपारी एक ड्रायव्हर लायब्ररीत आला. चप्पल दाराबाहेर काढून. म्हणाला, "सावंत सरांनी माझा फॉर्म भरून घेतला होता. लेख छापला की वाचायला या म्हनले होते."

मी अंक काढून दिला. तो ओळीवर बोट ठेवून तासभर वाचत बसला. तेवढ्यात सावंत सर आले. त्याला पाहून खूश झाले, पेढाही दिला.

ड्रायव्हरने पेढा हातातच ठेवला. "सर, यात लिव्हलंय, चालक झोपेबाबत समाधानी हायेत. मी तर झोपच मिळंना म्हनलो होतो."

सर समजुतीने म्हणाले, "दादा, एकट्याच्या सांगण्यावर निष्कर्ष काढत नसतात. सगळ्यांचं मिळून काढतात."

"ते बरोबर हाय सर," ड्रायव्हर म्हणाला. "पन बाकीचे तुमाला भेटले कुठं? त्या दिवशी संप होता. यार्डात मी एकटाच होतो."