खळ्याला मोकळी जागा म्हणू नका

तुमच्या बाजूने छापलेल्या पत्रकानेच तुमचा घात केला, असं कधी झालंय? आमचं झालं. आणि ते पत्रक मी लिहिलं होतं.

मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. बाबा कामगार संघटनेत होते. कोपरच्या आमच्या घरात डब्यांखाली, कपाटाच्या खणांत, सगळीकडे पत्रकंच अंथरलेली असायची. त्यामुळे ठाण्याच्या कोळीवाड्यातून मावशीचा फोन आला, "गो, नकाशा लावलाय, आपला खला जातंय," तेव्हा मी घाबरले नाही. खरं सांगते, अंगात वारंच शिरलं. लढायला काहीतरी मिळालं होतं!

खळा म्हणजे घरांच्या मधलं मासे सुकवायचं अंगण. मावशी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून ओला जवळा, म्हणजे कोलंबीसारखी बारीक मासळी, आणते, खळ्यावर पसरते आणि सुकला की बाजारात विकते. तिचं घर त्यावरच चालतं. पुनर्विकासाच्या नकाशात नेमकं तिथेच दुकानांची रांग आणि वाहनतळ दाखवला होता.

मी एका दमात पत्रक लिहून काढलं. मथळा ठसठशीत: 'आमची मोकळी जागा वाचवा!' स्टेशनपासून खाडीपर्यंत स्वतः वाटलं.

मग समाजमंदिरात बैठक झाली. बिल्डरच्या माणसाने माझंच पत्रक सगळ्यांसमोर उंच धरलं. "आमच्या नकाशातही हेच लिहिलंय, मोकळी जागा. तुम्हीही तेच म्हणता. मग मोकळी जागा वापरात आणली तर हरकत कशाला?"

लोक हसले. माझे कान तापले. मावशी मात्र उठून उभी राहिली.

"मोकली? सकाली ये नि पाय ठेवायला जागा शोधून दाव. मंग बोल मोकली!"

आता लोक त्याला हसले. पण बाहेर आल्यावर तिने मला धरलं. "इतकी शिकलीस गो तू, नि खल्याला खला लिवता नाय आला?"

छान, स्वच्छ, सगळ्यांना कळेल असा शब्द मी निवडला होता, आणि त्या शब्दाने तिचं अंगण रिकामं करून टाकलं होतं.

मावसभावाने वर मीठ चोळलं. "ताई, तू लिफ्टच्या बिल्डिंगीत राहून आम्हाला जुनं जपायला सांगतेस. मला दुकान पाहिजे. आई अजून किती वर्षं टोपली घेऊन फुटपाथवर बसणार?"

हा प्रश्न माझ्या पत्रकात कुठेच नव्हता. जपायचं म्हणजे त्याला दुकान मिळू द्यायचं नाही, असं मी कधी ठरवलं होतं? ठरवलं नव्हतं. विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वही घेऊन खळ्यावर बसले. जवळा पसरला गेला, उन्हाबरोबर दोनदा परतला गेला. दुपारी एका कोपऱ्यात जाळी दुरुस्त होत होती. संध्याकाळी जवळा उचलून झाडलोट झाली आणि शेजारच्या लग्नाच्या हळदीचा मांडव उभा राहिला. दिवसभरात ती जागा मोकळी अशी मला दिसलीच नाही.

मग मोजणी. माझी टेप खळ्याला पुरेना. मावशी म्हणाली, "ठेव ती पट्टी," आणि जाळ्याची लांब दोरी घेऊन दोन्ही हात पसरून मोजायला लागली. पसरलेल्या दोन हातांची लांबी म्हणजे एक वाव. कोळी दोरी अशीच मोजतात. एका वावेचे मीटर किती, ते भाऊ टेप लावून बघत होता.

"आई, हात ताठ कर, खळा लहान होतोय!"

"तुला बराच ना मेल्या, दुकान मोठा होल!"

मोजता मोजता एक गोष्ट सापडली आणि मी अक्षरशः ओरडले. रस्त्याकडच्या पट्ट्यात शेजारच्या इमारतीची सावली दिवसभर हटत नव्हती. तिथे कोणी कधी मूठभरही जवळा टाकत नाही, कारण तो सुकतच नाही. म्हणजे दुकानांची जागा ती! एकमजली, रस्त्याकडे तोंड करून. पुनर्विकासातली उंच इमारत, खाली वाहनतळ घेऊन, खळ्याच्या उत्तरेला, म्हणजे तिची सावली खळ्यावर येणार नाही. भावाने माझ्या हातून पेन ओढून घेऊन कागदावर स्वतः रेघ मारली. मावशी म्हणाली, "सूर्याला इचारून बांधा, माजा काय म्हनना नाय."

तो कागद घेऊन आम्ही तिघं नकाशावरच्या हरकतींच्या सुनावणीला वॉर्ड ऑफिसात गेलो. अधिकाऱ्याने विचारलं, "खळा म्हणजे नक्की काय?" मावशीने पिशवीतून सुकलेल्या जवळ्याची पुडी काढून त्याच्या टेबलावर उघडली. वासानेच सगळ्या खोलीला उत्तर मिळालं. नकाशावर त्याने पेन्सिलीने 'खळा' लिहिलं तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण तो म्हणाला, "हे पक्कं करायचं तर जागा वापरात आहे, असं वापरणाऱ्यांनी लेखी द्यायला हवं. आणि नुसते घरचे चालणार नाहीत."

हरकती-सूचनांची मुदत अजून संपलेली नाही. तुम्ही या खळ्यावरून कधी सुकट घेतली असेल, इथल्या हळदीत जेवला असाल, इथे जाळं विणताना पाहिलं असेल, तर एका कोऱ्या कागदावर तेवढंच लिहा. दुकानांच्या विरोधात लिहू नका. दुकानं आम्हालाही हवीत. घोषणा नको, माझे शब्द तर नकोच. तुम्ही काय पाहिलंत ते, खाली नाव आणि सही. या आठवड्यात वॉर्ड ऑफिसात नेऊन द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.