नक्षीताईंचा दुपारचा आकडा

बेकरीत त्यांना सगळे नक्षीताई म्हणत. केकवर क्रीमची फुलं काढावीत तर त्यांनीच. सुरी घालायला गिऱ्हाइकाचा हात धजत नसे. मधुमेह निघाला त्या दिवसापासून मात्र त्यांनी जिभेला कुलूप घातलं होतं. क्रीम आंबलंय का, हेसुद्धा आता त्या वासावरून ओळखत.

तरी साखर मोजायचं ते डबीएवढं यंत्र ऐकत नव्हतं. सकाळी उपाशीपोटी घरी मोजली की साखर बरी असे. दुपारी जेवणाआधी बेकरीत मोजली की आकडा आभाळाला.

"आई, खरं सांग, चाखतेस ना?" मुलगी म्हणाली.

"बोटसुद्धा तोंडात घालत नाही."

"मग काय भिंतीतून झिरपते? डॉक्टर गोळी वाढवायची म्हणतात. पुढच्या तपासणीपर्यंत उतरली नाही, तर काम सोडायचं आणि घरी बसायचं."

घरी बसणं म्हणजे नक्षीताईंना हात बांधून ठेवण्यासारखं. काम सोडायचं नाही आणि चोरीचा आळही सोसायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. सुट्टीच्या दिवशी तीच न्याहारी करून दुपारी घरी साखर मोजली. आकडा शहाण्यासारखा. दुसऱ्या दिवशी बेकरीत पुन्हा उधळलेला. दगदगीने चढत असेल म्हणून निवांत बसून मोजली, तरी तेच.

भट्टीवाले काका हे सगळं बघत होते. लोखंडासारखा माणूस. त्यांनी हात पुढे केला.

"माझी बघ गं. साखर कशी असावी, ते त्या डबीला एकदा कळू दे."

ताईंनी नवी सुई लावली. आकडा आला तो ताईंच्याही वरचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका मटकन मैद्याच्या पोत्यावर बसले.

"अगं, गेल्याच आठवड्यात सगळं तपासून आलोय. काही नाही म्हणाले होते."

नक्षीताईंची नजर त्यांच्या हातांवर होती. काकांनी आत्ताच बिस्किटांवर पिठीसाखर भुरभुरवली होती; बोटं पांढरीफटक. मग त्यांनी स्वतःची बोटं पाहिली. फडक्याला पुसलेली, दिसायला स्वच्छ, पण एकमेकांना चिकटणारी.

"उठा काका. साबणाने हात धुवा आणि कोरडे करा."

दोघांनीही धुतले. काकांचा आकडा जमिनीवर आला, ताईंचा घरच्यासारखा.

"म्हणजे डबी बोटावरची साखर मोजत होती?"

"थेंब केवढासा असतो, काका. त्यात कणभर मिसळली तरी पुरे."

"आणि लेक तुला चोर ठरवून मोकळी. चोर सोडून संन्याशाला फाशी."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या नक्षीताई कसल्या? आता दिवसभराचा खरा चढउतार बघायचाच, म्हणून जेवणानंतर दोन तासांनी हात धुऊन पुन्हा मोजली. चढलेली. पुन्हा हात धुतले, पुन्हा मोजली. तेवढीच.

"ही मात्र माझी," त्या म्हणाल्या.

गरम पाव दिसला की त्या जरा जास्तच खात, तेही उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवसापासून पाव निम्मा केला, ताटात भाजी वाढवली आणि जेवून झाल्यावर बेकरीमागच्या गल्लीत फेऱ्या सुरू केल्या. काका हसले, पण ताई जेवायला येईपर्यंत त्यांचं ताट झाकून ठेवू लागले. आकडा एका दिवसात वठणीवर आला नाही. कधी उतरे, कधी अडून बसे. ताई फेऱ्या चुकवत नव्हत्या.

तपासणीला मुलगी सोबत आली. ताईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, दुपारच्या खऱ्या चढाचंही. गोळी तूर्त तेवढीच राहिली.

बाहेर आल्यावर मुलीने आईच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "पण आई, दमतेस गं तू."

"दमते. उद्या तीन मजली केक आहे, लवकर निघायचंय. डबा तू भरशील?"

"भरते. पाव निम्माच देणार."

"दे," नक्षीताई म्हणाल्या आणि बसची वाट न बघता चालू लागल्या.