बोमनवार बाबूंचं दुसरं पान

फाईल उघडताना मोबाईलनं "फक्त एकदा की नेहमी?" असं विचारलं, की बोमनवार बाबू फोन टेबलावर पालथा ठेवायचे आणि मला हाक मारायचे. कोणत्या ॲपमध्ये उघडायचं, एवढाच तो प्रश्न. आपण न वाचता बोट ठेवून मोकळे होतो. बाबू चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, पुन्हा घालायचे आणि म्हणायचे, "वंदना, हे नेहमीचं विचारून राह्यलं. नेहमीचा निर्णय साहेबाले विचारल्याबिगर घ्याचा नाही." मी म्हणायची, "बाबूजी, मोबाईल तुमचा, साहेबही तुम्हीच." त्यावर ते आणखीच गोंधळायचे. सारा जन्म त्यांच्या डोक्यावर कोणी ना कोणी साहेब होता, आणि निवृत्त झाल्यावर ती खुर्ची एकदम रिकामी झाली होती.

दिग्रसला ज्या सरकारी कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तिथे ते हेडक्लार्क होते. आजोबा बाबू, वडील बाबू, हेही बाबू. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं चार ओळींचं पत्र चार वेळा परत केलं. मी मुळात तापट. चौथ्या वेळी कागद त्यांच्यासमोर आपटला आणि म्हटलं, "आता यात काय राहिलं?" ते शांतपणे म्हणाले, "संदर्भ राह्यला. कागदाले मायबाप लागते, पोरी." त्यांची अशी बरीच वाक्यं होती. बिनसहीचा कागद म्हणजे अनाथ. तोंडी सांगितलेलं म्हणजे वाऱ्यावर गेलेलं. पोचपावती नाही तर पत्र गेलंच नाही. मी वैतागायची, पण वर्षभरात माझंही पत्र एका फटक्यात पास व्हायला लागलं, आणि त्याचा मला गर्व झाला हेही खरं.

त्यांच्या गल्लीत एक रिवाज होता. कोणाकडे सरकारी कागद आला, की तो न उघडता सरळ बाबूंच्या ओट्यावर यायचा. रविवारी सकाळी पाच-सहा माणसं हातात पाकिटं धरून बसलेली असायची. बाबू एकेकाचा कागद मोठ्यानं वाचायचे आणि मग अर्थ सांगायचे, "भेऊ नको, हे निस्तं कळवून राह्यले." माणूस सुटल्यासारखा घरी जायचा. याबद्दल त्यांनी कधी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही.

बाबू निवृत्त झाले, ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरलेली. बाजारात दोन माणसं भेटली की अळीशिवाय बोलणं नाही, आणि ज्याला जे औषध मिळेल ते तो फवारत सुटलेला. त्यातच एका वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याहून उंच वाढली. फवारा वर मारायचा आणि तो परत आपल्याच तोंडावर झेलायचा, असं चाललं होतं. बाबूंच्या घरामागे रामदास राहायचा. पाठीवर पंप घेऊन लोकांच्या वावरात रोजानं फवारायला जायचा. एका संध्याकाळी तो बाबूंच्या ओट्यावर टेकला, पाणी मागितलं आणि पेला धरायला गेला तर हात भलतीकडेच. "दोन दोन दिसून राह्यले, बाबूजी," असं म्हणून हसला. बाबूंनी त्याला सांभाळून फवारत जा म्हणून सांगितलं, तो "हो" म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी उघड्या अंगानं पुन्हा फवारायला गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबू मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कचेरीत हजर. हा मोठा मोबाईल मुलानं पुण्याहून पाठवला होता. म्हणाले, "रामदास मरन, वंदना. त्याले कोणी कागदावर सांगतलंच नाही." मी म्हटलं, त्याला समोर बसवून नीट सांगा ना पुन्हा. "तोंडी सांगतलं, त्यानं हो म्हटलं. काय झालं मंग? कागद पाह्यजे. अन् सगळ्यायच्या मोबाईलवर पाह्यजे. आता लोकं मोबाईलच पाह्यते." मेसेजमध्येच टाइप करू म्हटलं, तर म्हणाले मेसेज म्हणजे कागद नव्हे. फोटो काढून पाठवू म्हटलं, तर म्हणाले, "फोटो लग्नाचे असते."

मजकूर त्यांनी चोख तयार केला. कृषी अधिकाऱ्यांना भेटून, एका डॉक्टरला विचारून. वारा पाठीवर घ्या, भर दुपारी फवारू नका, नोझल तोंडानं फुंकू नका, दोन औषधं एकत्र करू नका, तंबाखूचा खर्रा खाण्याआधी साबणानं हात धुवा, गरगरलं तर औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. सगळं बरोबर. तो त्यांनी बसस्टँडजवळच्या एका दुकानात संगणकावर टाइप केला, आयुष्यभर ज्यात केला त्याच जुन्या मराठी फॉन्टमध्ये. फाईल मोबाईलवर आली. उघडली तर मराठीचं अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर, मध्येच एक प्रश्नचिन्ह. बाबूंचे पणजोबा तेलंगणातून इकडे आलेले. मोबाईल उलटसुलट फिरवून बाबू म्हणाले, "आमच्या पणज्याची तेलुगू वापस आली का काय?"

तो फॉन्ट मोबाईलमध्ये नसतो, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं मलाही धड ठाऊक नव्हतं. पण तसं कबूल करायचा माझा स्वभाव नाही, त्यामुळे मी छातीठोकपणे त्यांना एक ॲप घ्यायला लावलं. ते ॲप मजकुराऐवजी जाहिरातीच दाखवायचं. दुसरं घेतलं. ते ईमेल मागत बसलं आणि बाबूंना ईमेल म्हणजे आपला मोबाईल नंबरच वाटत होता. तिसऱ्यात मराठी दिसलं, पण जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडून वेगवेगळी पडलेली. बाबू म्हणाले, "याले पयले दवाखान्यात न्या." चौथ्यात सगळं छान दिसलं. तेच माझ्या मोबाईलवर पाठवलं तर ओळी खाली-वर. आता चूक त्यांच्या मोबाईलची, माझ्या मोबाईलची, की दोघांच्याही नशिबाची, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

मग दुकानदारानं मजकूर नव्या फॉन्टमध्ये करून दिला आणि पीडीएफ करा म्हणून सांगितलं. पीडीएफ म्हणजे काय, हे बाबूंनी मला तीनदा विचारलं. शेवटी मी म्हटलं, "लॅमिनेशन केलेला कागद समजा. कोणत्याही मोबाईलवर तसाच दिसतो, कोणी खाडाखोड करू शकत नाही." त्यांचा चेहरा उजळला. "मंग हेच. हे आपल्या कामाचं." पण लॅमिनेशन झाल्यावर त्यांना एक स्वल्पविराम सुटलेला दिसला. तो घालायला पुन्हा दुकान, पुन्हा फाईल, पुन्हा पीडीएफ. माझ्या मोबाईलवर एकेक फाईल येऊ लागली. अंतिम. अंतिम सुधारित. अंतिम सुधारित मंजूर. मंजूर कोणी केली, असं विचारलं तर म्हणाले, "मीच. कोणी तरी करा लागते." अशा नऊ फाईली झाल्या. तोवर रोज सकाळी रामदास पंप पाठीवर घेऊन त्यांच्या दारावरून जातच होता, आणि तो गेला की बाबू मला फोन करून विचारायचे, "आज पाठवू का?"

नववी फाईल गेली. दोन पानांची. पहिल्या पानावर जावक क्रमांक, प्रति, विषय, संदर्भ, महोदय, आणि "सोबत जोडलेल्या पान क्रमांक दोनप्रमाणे अवलोकन व्हावे". खाली सही. दुसऱ्या पानावर सगळ्या सूचना. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट कव्हरिंग लेटर किती नेटकं झालं म्हणून मी कौतुक केलं. रामदासला आणि गल्लीतल्या इतर फवारणीवाल्यांना ती पाठवली. मेसेजखाली बरोबरच्या दोन खुणा आल्या तेव्हा बाबूंनी समाधानानं चष्मा काढला. "पोचपावती आली. तामील झालं."

आठवड्यातच रामदास एका वावरात पडला. कोणाच्या तरी गाडीत घालून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. पहिले काही दिवस तो कोणाला ओळखत नव्हता, इतके झटके यायचे की हात खाटेला बांधले होते. त्याची बायको शेवंता दाराशी बसून असायची, रडायचीही नाही. बाबू एक दिवसाआड एसटीनं जायचे. सहाव्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि बोलायला लागला, त्या दिवशी मीही सोबत होते. बाबूंनी तब्येत विचारली, मोसंबी ठेवली, आणि मग त्यांना राहवेना.

"रामदास, मी तुले कागद पाठवलता मोबाईलवर. पोचला होता ना?"

"पोचलता, बाबूजी."

"मंग वाचला काहून नाही?"

रामदासनं उशीखालून मोबाईल काढला. काच फुटलेली, तरी दिसत होतं. मेसेजमध्ये पहिल्या पानाचा वरचा तुकडा तेवढा दिसत होता. प्रति. विषय. संदर्भ. तो म्हणाला, "हे पाह्यलं ना वरतं. म्हटलं बँकेचा नाही तं कोर्टाचा असन. तुमी चुकून माह्या नंबरवर टाकला असन. नाही उघडला. भेव वाटलं." मग थोडं थांबून, अगदी सहज म्हणाला, "रविवारी तुमच्याकडंच आणणार होतो वाचाले."

बाबूंनी रामदासच्या पायावरची चादर उगाचच दोनदा सारखी केली. मला तर त्या खोलीत उभं राहवेना, कारण कव्हरिंग लेटरचं कौतुक मी केलं होतं.

परतीच्या एसटीत लोहारा गाव मागे पडलं. बाबू खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "जलमभर लोकायले कागद वाचून दाखवले, वंदना. मले वाटे मी लय मोठं काम करून राह्यलो. पण लोकायले आपलाआपण वाचता येईन असा कागद एकही नाही लिवला मी." मी काहीतरी समजूत घालायला गेले, तर हातानं थांबवलं. त्या माणसाला मी रागावलेलं पाहिलं होतं, गोंधळलेलं तर रोजच पाहत होते. लाजलेलं त्या दिवशी पाहिलं.

रामदास घरी आल्यावर त्यांनी मला बोलावलं. ओट्यावर रामदास, शेवंता आणि दोघं फवारणीवाले बसलेले. बाबूंच्या हातात जुन्या कॅलेंडरचं पान, मागची कोरी बाजू वर, आणि जाड पेन. रामदास सांगत होता, बाबू लिहीत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहीत होते आणि दर ओळीला अडत होते. "अवलोकन व्हावे" लिहू का, असं एकदा त्यांनी विचारलंच. शेवंता म्हणाली, "ते काय असते?" बाबूंनी पेन उचललं. पहिली ओळ शेवटी अशी झाली, "फवारणीवाल्या भाऊ, पंप उचलाच्या आंधी हे वाच." एकूण सात ओळी, बोटभर उंचीची अक्षरं.

शेवटची ओळ झाल्यावर त्यांचं पेन खाली सहीच्या जागी थांबलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "राहू दे. सही दिसली की माणूस भेते."

मी त्या पानाचा फोटो काढला आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवला. ओट्यावरच एकेकाचा मोबाईल वाजला आणि जो तो बोट लावून वाचू लागला. बाबूंनी आपला मोबाईल उघडून पाहिला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "याले कोणतं ॲप लागते?"

"कोणतंच नाही, बाबूजी."

"म्हणजे फाईल?"

"फाईल नाही. फोटो आहे."

बाबूंनी मोबाईल मांडीवर ठेवला. "मंग इतके दिवस आपण काय करून राह्यलो होतो?"

रामदासनं नंतर फवारणी सोडली, भाजीची गाडी लावली. बाबू चारेक वर्षांनी गेले, झोपेतच. त्यांच्या तेराव्याला गल्लीतली माणसं ओट्यावर नेहमीसारखी बसली होती, फक्त हातात पाकिटं नव्हती. माझी तोवर पुसदकडे बदली झाली होती. कामामुळे आसपासच्या गावांचे कितीतरी ग्रुप माझ्या मोबाईलवर आहेत. परवा ऐन फवारणीत त्यातल्या एका ग्रुपवर एक फोटो आला. कडा कापलेल्या, किती हातांतून फिरून आला कोण जाणे, कोपऱ्यात कोणीतरी गुलाबाचं फूल चिकटवलेलं. पण कागदामागून कॅलेंडरच्या तारखा पुसट दिसत होत्या, आणि पहिली ओळ पाहताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खाली एकानं विचारलं होतं, "हे कोणं लिवलं बाप्पा?" दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, "असन कोणी फवारणीवालाच."

मी लिहायला घेतलं, "बोमनवार बाबू, हेडक्लार्क, सेवानिवृत्त". वाचून पाहिलं आणि पुसून टाकलं. फोटो तेवढा बाकीच्या ग्रुपांवर पाठवला.