काळ्यातला चौकोन

आमच्या सेंटरमधला मॉनिटर रोज सकाळी मीच तपासायची. किहीमच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेलं छोटं सेंटर, एक्स-रे काढणारी मी एकटी आणि ते वाचायला पनवेलहून आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर. तपासणी म्हणजे पडद्यावर एक ठरावीक चित्र उघडायचं. त्यात काळ्याभोर चौकोनाच्या आत आणखी एक लहान चौकोन असतो, किंचित कमी काळा. तो दिसला की वहीत बरोबरची खूण करायची. तो दिसेनासा झाला तर छातीच्या फोटोतला फिकट डागही दिसणार नाही. कुणी विचारलं तर हे मी फार तोऱ्यात समजावून सांगत असे. शिकवायची खोड मला पहिल्यापासूनच.

एका सकाळी आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशी पोछा टेकवून मागे उभ्या राहिल्या.

"रोज काय बगतंस गो त्यान?"

"काळ्यात एक चौकोन आहे मावशी. दिसतो का?"

त्या पुढे आल्या, पदराने डोळे पुसून वाकून बघितलं. "ना गो बाय. मना त निस्ता काला दिसतं."

मी मोठ्याने हसले. "मोतीबिंदू झालाय तुम्हाला. डोळे दाखवून घ्या." आणि वहीत खूण केली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी चौकोन शोधलाच नव्हता. तो कुठे असतो ते मला ठाऊक होतं. आरती पाठ झाल्यावर पुस्तकात कोण बघतं?

त्याच आठवड्यात मावशींच्या नवऱ्याला खोकल्यासाठी आणलं. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, शर्ट काढून उभा राहिला तेव्हा खांदे उन्हाने काळे ठिक्कर. फोटो मीच काढला. डॉक्टरांनी त्याच मॉनिटरवर बघून छाती स्वच्छ असल्याचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी मला सुकटीची पुडी आणून दिली, चांगलं निघालं म्हणून. मी ती चवीने खाल्ली.

मावशी खरोखरच डोळ्यांच्या शिबिराला जाऊन आल्या. "डाक्टर बोलला, डोले झ्याक हायत."

"शिबिरात काय, नुसती बॅटरी मारतात," मी म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दिवाळीनंतर मॉनिटर बंदच पडला आणि नवा आला. पहिल्या सकाळी चित्र उघडलं. काळ्यातला चौकोन समोर स्वच्छ दिसत होता, शोधावाही लागला नाही. असा तो शेवटचा कधी दिसला होता, मला आठवेना. वही मागे मागे उलटत गेले. रोजची खूण होती, एक दिवस चुकला नव्हता. त्यातल्या खऱ्या किती आणि पाठ किती, ते मलाच सांगता येईना.

पंधरा दिवसांत मावशींचा नवरा पुन्हा आला. अंगावर मांस उरलं नव्हतं, थुंकीतून रक्त जात होतं. नव्या फोटोत हृदयाच्या कडेला लिंबाएवढी गाठ. डॉक्टर म्हणाले, जुना फोटो उघडा. मी तो नव्या मॉनिटरवर उघडला. त्याच जागी सुपारीएवढा डाग होता, फिकट, पण होता.

"हा तेव्हाही होता," डॉक्टर हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मॉनिटर तपासलेला होता ना?"

"वहीत खूण आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. माझ्या त्या उत्तराची मला आजही किळस येते.

मुंबईत त्यांना सांगितलं, उशीर झाला. होळीच्या आधीच तो गेला. तेरावं उरकून मावशी कामावर आल्या आणि पोछा घेऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी चित्र उघडलं होतं.

"आता दिसतंय गो," त्या म्हणाल्या. "काल्यान बारका चौकोन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "यांचा फोटू पयला त्या जुन्यावच बगलाव ना?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण निघालं ते, "हो मावशी. त्यावर हा चौकोन दिसत नव्हता. मी दिसतो म्हणून लिहीत होते."

त्यांनी पोछा बादलीत बुडवून पिळला.

"मी त तुला सांगितला व्हता गो बाय," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या.