शेपटी कुठाय?

घाटकोपरच्या आमच्या चाळीत केळुसकर बाईंचा संशय प्रसिद्ध होता. दूधवाल्यासमोर त्या दूध बोटावर घेऊन बघत, पापडवालीला आधी तिचाच पापड खायला लावत. मी नवी नवरी, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेले, तर म्हणाल्या, "काय विकणारेस?" शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत. "वरून दिसतं त्यावर जाऊ नये, आत बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माहुलहून जनाबाई मासळीची पाटी घेऊन यायची. एका रविवारी तिने मोठी मुशी आणली, शार्कच्या जातीची. आम्ही मालवणकडची माणसं, मुशीच्या, म्हणजे आमच्या मोरीच्या मटणासाठी जीव टाकतो. मी ताट पुढे केलं, तोच बाईंनी माझा हात धरला.

"शेपटी कुठाय हिची? पंख नाहीत, डोकं नाही. जनाबाई, हा गादा तर नाही ना? डॉल्फिन मारणं गुन्हा आहे!"

बायकांनी ताटं मागे घेतली. जनाबाईचा चेहरा उतरला. एकदा नाव खराब झालं की ही चाळ तिला कायमची बंद.

"बाय, गादा जाल्यान आयला तर आमी हात जोरून सोरतो. आन मी तो कापून विकीन?"

बाईंनी पदर खोचला. कातडीवर उलटा हात फिरवला. ती पॉलिशपेपरसारखी खरखरीत होती. मग सुरीने कणा कापला, तो सहज चिरला. "डॉल्फिन आपल्यासारखा हाडाचा, पिल्लाला दूध पाजणारा. हिच्यात हाड नाही, नुसती कूर्चा. हा मासाच आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चुकलं माझं, जनाबाई. मोठा तुकडा मला दे."

मला हायसं वाटलं. बाईंच्या कपाळावरची आठी मात्र तशीच.

"मग शेपटी नेली कुणी?"

"बंदरावर व्यापारी नेतात, पखां न् शेपटी. परदेशात सूप करतात बोलतात."

"त्याला कायदा नाही?"

"मुशीला कसला कायदा, बाय?"

त्यानंतर घ्यायचं असो वा नसो, बाई पाटी उघडायला लावत. "एवढीशीच? मोठ्या कुठे गेल्या?" जनाबाई वैतागायची, "दर्याला इचार!" आम्ही हसायचो. पण मुश्या खरंच लहान होत चालल्या होत्या.

काही वर्षांनी बाई वारल्या, ते जनाबाईला ठाऊक नव्हतं. पाटी घेऊन ती त्यांच्या दारात आली आणि कुलूप बघून थबकली. मी सांगितलं तशी तिने पाटी खाली उतरवली. मी काही विचारण्याआधीच तिने फडकं बाजूला केलं. आत वीतभर मुश्या होत्या.

"आता हिची चवकशी कोन करील गो?" ती म्हणाली.