लग्नाच्या पंगतीतलं प्रॅक्टिकल

बी.ए. झाल्यावर मी घरीच होते. लाखनीत मुलामुलींसाठी मोफत कौशल्य प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा कॉम्प्युटरला नाव द्यायला गेले. ती बॅच भरलेली. शिवणकामाचीही भरलेली. जागा होत्या फक्त हॉटेलात जेवण वाढण्याच्या कोर्सला, आणि तिथे हव्या तेवढ्या होत्या. कोर्सचं इंग्रजी नाव चांगलं लांबलचक होतं, म्हणून घरी सांगायला बरं वाटलं. पण आईनं अर्थ विचारलाच.

"पाहुण्यायले जेवाले वाढाचं," मी म्हटलं.

"घरी तं कधी वाढत नाई," आई म्हणाली. "तेथी जाऊन वाढशील व?"

बाबांनी मात्र लगेच जा म्हटलं. पोरगी घरी बसलेली दिसली की नातेवाईक स्थळं घेऊन येतात, आणि बाबांना नातेवाइकांशी बोलायचा फार कंटाळा.

आमचे सर नागपूरहून रोज बसनं यायचे. मोठमोठ्या हॉटेलांत काम केलेला माणूस. उन्हाळ्यातही टाय सुटायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की हायवेवर हॉटेलं वाढताहेत, जंगलात वाघ बघायला बाहेरची माणसं येताहेत, आणि शिकलेले वाढपी मिळत नाहीत म्हणून मालक ते दुसरीकडून आणतात. "ती नोकरी इथल्या माणसाला मिळाली पाहिजे," ते म्हणाले. आम्हाला ते मनापासून पटलं.

केंद्रात टेबलं होती, खुर्च्या होत्या, जेवण नव्हतं. आम्ही रिकाम्या वाट्यांतून सूप वाढायचो. इतकं सांभाळून न्यायचो की एकदा गेस्ट झालेल्या मैत्रिणीनं तोंडाला लावण्याआधी त्यावर फुंकर मारली. नियम पाठ झाले होते. एक हात कमरेमागे. पाठीमागून यायचं, डाव्या बाजूनं वाढायचं. आधी विचारायचं. गेस्ट नको म्हणाले की हसून 'थँक यू' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. आग्रह म्हणजे गेस्टला त्रास.

सरांना खरे जेवणारे हवे होते. मोहाडीकडच्या एका गावात माझ्या मावशीच्या मुलीचं लग्न होतं. मी मावशीला विचारलं. आयते वाढपी मिळतात म्हटल्यावर ती खूश झाली.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि पहिली पंगत मांडवात कनातीला पाठ लावून बसली. आम्ही काळी पँट, पांढरा शर्ट घालून कनातीच्या आणि लोकांच्या पाठींच्या मधल्या फटीत घुसलो. मी एका म्हाताऱ्या आजोबांच्या डाव्या खांद्यावरून भाताचा हात पुढे काढला. आजोबा दचकून बाजूच्यावर कलंडले.

"कोन हाये गा मांगं?"

मग मागे कोण आहे ते बघायला अख्खी पंगत फिरली. सगळ्यांची तोंडं कनातीकडे आणि पत्रावळी पाठीमागे. त्यांना पुन्हा सरळ बसवेपर्यंत वरण निवलं.

त्या पंगतीच्या मधोमध नवरदेवाचे वडील होते. मी वाकून विचारलं, "सर, भात घेणार का?"

त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "नको बाई, नको."

"थँक यू, सर," म्हणून मी पुढे गेले. माझ्यामागून वरण आलं, वांग्याची भाजी आली, बुंदी आली. ते दर वेळी नको म्हणाले, आणि आम्ही दर वेळी थँक यू म्हणालो. शेवटी त्यांच्यापुढे मीठ आणि लिंबाची फोड एवढंच उरलं.

मावशी धावत आली. "व्याह्यायची पत्रावळ रिकामी काहून?"

"ते नको म्हणाले."

"मंग? नको तं सारेच म्हनतेत व!"

तोवर व्याही पत्रावळीवरून उठले होते. मी सरांना बोलावून आणलं. तक्रार कशी हाताळायची हा आमचा एक धडाच होता. सर त्यांच्यासमोर हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "मला तुमची तक्रार पूर्ण ऐकायची आहे."

असं त्यांना बहुतेक आयुष्यात कोणी म्हटलं नसावं. ते परत खाली बसले. भातापासून सुरुवात झाली. मग साक्षगंधाच्या दिवशीचा थंड चहा निघाला. मग त्यांच्या स्वतःच्या लग्नात सासऱ्यांनी त्यांना न विचारता बदललेला बँड निघाला. सर मान हलवत "पुढे?" म्हणत होते. पंगत जेवायची थांबून ऐकत होती. सगळं सांगून झालं तेव्हा त्यांचा चेहरा निवांत झाला होता.

सरांनी माझ्याकडून भात घेतला. "आता वाढू?"

"नको," ते म्हणाले.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी व्याह्यांसमोर उकिडवी बसले. "घ्या ना मामाजी, थोडासा."

"नको व."

"माझ्यासाठी घ्या."

"बरं, टाक थोडासा." आणि तो थोडासा भात त्यांनी तीनदा घेतला.

दुसऱ्या पंगतीला सरांनी टाय खिशात घातला. "समोरून जा," ते म्हणाले, "आणि नको म्हणाले तरी टाका." ते स्वतः बुंदीची बादली घेऊन फिरले, आणि थांबाच म्हणून मावशीला त्यांचा हात धरावा लागला.

कोर्सनंतर काही जण पुण्याला गेले. मला लाखनीजवळच्या हायवेवरच्या हॉटेलात काम मिळालं. एका दुपारी खत घ्यायला आलेले बाबा तिथे येऊन कोपऱ्यात बसले. मी मेन्यू दिला. त्यांनी तो पहिल्या पानापासून वाचला.

"चहा आहे का, मॅडम?"

"आहे, सर," मी म्हटलं. आजूबाजूला गिऱ्हाईकं होती.

चहा पिऊन झाल्यावर ते उठले आणि कप घेऊन सरळ बेसिनकडे निघाले. मी धावत जाऊन तो त्यांच्या हातातून घेतला. "बाबा, ठेवा ना. हे माझं काम आहे."

"मले काय मालूम," बाबा हळूच म्हणाले. "घरी तं तूच म्हनतं, आपला कप आपन धुवा."