मैनानं लावलेली रानहळद

कुसाबाईचं माहेर हरसूलकडचं, डोंगरातलं. लग्न होऊन पंचवटीत आली तर घरामागं फणसाचं हे एवढं झाड, खाली ऊन म्हणून नाय. तुळस लावली, ती बी गेली. मग तिनं माहेरहून रानहळदीचे कंद आणले. तिला सावलीच लागते. खालचा पाला झाडायचा नाय, तिथंच कुजू द्यायचा, एवढंच खत. श्रावणात हातभर पानं यायची, मधून पिवळी फुलं, वर गुलाबी तुरा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, डोंगरीण रान घेऊन आली. आणि गौरी आल्या की त्याच पूजेला ही फुलं मागायला ताट घेऊन दारात.

दिवाळीनंतर पानं वाळून जायची. जमीन उघडी. कंद खाली झोपलेले.

एकोणऐंशीला पोरगी मैना सोळाची झाली. पाऊस लागायच्या आधी तिनं भिंतीकडंला आपल्या हातानं कंद लावले. आईला म्हणाली, "तुझ्यापेक्षा माझी जास्त फुलतील बघ." पहिल्या साली नुसती पानं आली. फुलं पुढच्या साली, असं ठरलं मायलेकींचं.

पुढच्या वैशाखात मैना काविळीनं गेली.

कुसाबाई बाराही दिवस आतच बसून. बाया उठू देईनात. तेराव्याचा स्वयंपाक मोठा, गल्लीत ऊन मरणाचं. दीर पुंजानं मागं सावली बघितली, मोकळी जागा बघितली, आणि भिंतीकडंला चर खणून चुलाण पेटवलं. दिवसभर लाकडं जळली. पोरीसाठी लय राबला तो.

पंगती उठल्यावर कुसाबाई मागं आली. राख अजून धुपत होती. तिथंच खाली बसली. पुंजाला कुणीतरी मैनाच्या कंदांचं सांगितलं, तसा तो आला.

"वहिनी, रिकामी जागा दिसली."

"तशीच दिसती ती," कुसाबाई म्हणाली. "पाऊस पडोस्तोवर."

पाऊस पडला. बाकीची रानहळद वर आली. भिंतीकडंला काळी माती तशीच. ती रोज जाऊन बघायची, बोटानं उकरायची. दुसऱ्या साली बी तेच. तिचा भाऊ गोरक्ष, त्यानं माहेरहून पिशवीभर कंद आणले. ते तिनं वाटून टाकले. म्हणाली, "हे मैनानं लावलेले नायत."

गौरी परत बसवल्या नाय. बाया ताट घेऊन यायच्या, ती मागचं दार उघडून द्यायची आणि घरात जाऊन बसायची.

शहाऐंशीला उन्हाळ्यातच गेली ती. तिच्या तेराव्याला आचारी मागं सावलीत चुलाण मांडायला निघाला, तर पुंजा म्हातारा दारात आडवा उभा राहिला. स्वयंपाक गल्लीत उन्हात झाला, लोकं कुरकुरली.

त्या पावसात बी भिंतीकडंला काय आलं नाय.